मेढ आणि राउंड

फाल्गुन उतरणीला लागला की वाशीमच्या आमच्या गल्लीत पोरं पुटपुटत चालू लागतात. हातात पुस्तक, पानात अडकवलेलं बोट, डोळे अर्धे मिटलेले. समोरून मोटारसायकल आली तरी त्यांना भान नसतं. परवा शेजारची मुलगी अशीच पुटपुटत माझ्या दारात आली. "आजी, राउंड शब्दाचे सगळे उपयोग सांगता का? सर म्हणाले, पेपरात हमखास येतं."

"पुस्तकात बघ," मी म्हटलं.

ती गोंधळली. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईकडून तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ती गेल्यावर मी दाराची कडी धरून तशीच उभी राहिले. राग तिच्यावर नव्हता. पण राग होता. तो लिहायचा तर सावकाश लिहावा लागेल, कारण ज्याच्यासाठी हा राग आहे तो माझा भाऊ याच माघात गेला.

त्याचं नाव किसन. मी त्याला दादा म्हणायची. वाशीमहून शेलूबाजारकडे जाताना रस्त्यापासून आत आमचं गाव. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, जिल्हा अकोला होता, आणि मॅट्रिकपर्यंत पोचलेला आमच्या गावातला एकमेव मुलगा दादा होता. वाशीमला एका नातेवाइकाच्या पडवीत राहून तो शिकला. परीक्षेआधीच्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा गव्हाची मळणी सुरू व्हायची होती. त्या एका मळणीचा हंगाम माझ्या मनात अजून पसरलेला आहे. शेणानं सारवलेलं गुळगुळीत खळं, त्यावर अंथरलेल्या पेंढ्या, मधोमध रोवलेला बाभळीचा खांब. त्या खांबाला आम्ही मेढ म्हणतो. मेढीला बैलांची रांग बांधायची आणि बैलांनी तिच्याभोवती फिरत पेंढ्या तुडवायच्या. बैलांच्या तोंडाला मुसकी, माणसांच्या डोळ्यांत भुसा. गव्हाची कुसं अंगात शिरली की आंघोळ करूनही निघत नाहीत. झोपेत कूस बदलली की कुठंतरी टोचतं आणि जाग येते.

दादानं व्याकरणाच्या पुस्तकातली काही पानं फाडून बाभळीच्या डिंकानं मेढीला चिकटवली होती. बैलांमागून फिरताना पान समोर आलं की एक ओळ वाचायची, पुढची फेरी पूर्ण होईपर्यंत ती घोकायची, पुन्हा पान आलं की दुसरी ओळ. मी लाकडी आकडीनं काड उलटत असे. मी सातवीत होते. इंग्रजीची अक्षरं मला त्यानंच शिकवली होती. त्यामुळे परीक्षा घ्यायला त्याला मीच सापडायची.

"सुमे, कुत्रा घराभोवती धावला."

"द डॉग रॅन राउंड द हाउस."

"इथं राउंड कोन?"

"शब्दयोगी अव्यय."

"पहारेकरी राउंडवर गेला?"

"नाम."

"जहाजानं भूशिराले वळसा घातला?"

"दादा, भूशिर म्हणजे काय?"

"मलेबी नाही माहीत. तू क्रियापद म्हन, मार्क भेटतात."

पृथ्वी गोल आहे, इथं राउंड विशेषण. त्यानं मागं वळून पाहिलं, इथं क्रियाविशेषण. मराठीत आपल्याला गोल, भोवती, फेरी, वळसा, मागं असे वेगवेगळे शब्द शोधावे लागतात. इंग्रजीत एकच शब्द येतो, वाक्यात मिळेल त्या जागी बसतो आणि त्या जागेचं काम करतो. वाशीमचे इंग्रजीचे मास्तर वर्गात सांगत, इंग्रजीत शब्दाला आधी जात विचारू नका, आधी त्याचं काम पाहा. दादाला हे फार आवडलं होतं. त्यानं ते खळ्यावर सगळ्यांना सांगितलं. बैलांनाही सांगितलं असावं.

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, लिंबाखाली बसून हे ऐकत. त्यांना मुलगा नव्हता, मुली सासरी होत्या. बाबा गेल्यापासून दोन्ही घरं तेच पाहत.

"किसना, बैलाले इंग्रजी शिकवून राह्यला का बे?" ते म्हणत. "उद्या मराठीत होऽ होऽ केलं त थांबतीन का ते?"

"थांबतीन, मोठेबाबा. पास झाले त दोन्ही भाषांत थांबतीन."

सगळे हसत. मोठेबाबाही हसत. हे लिहिणं मला भाग आहे, कारण ते वाईट नव्हते. वाईट माणसावर रागावणं फार सोपं असतं.

मेढीची आमच्या घराण्यात एक रीत होती. दुसऱ्या कुणाच्या घरी ती इतकी कडक पाहिली नाही. ज्याच्या हातानं मेढ रोवली, त्यानं रास घरी येईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. तो शिवेबाहेर गेला तर लक्ष्मीही त्याच्यामागं जाते, असं म्हणत. त्या साली मोठेबाबांनी शेजारपाजारच्या चार माणसांना बोलावलं, दादाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मेढ त्याच्या हातात दिली. "आतापासून मेढ किसनाच्या हातची," ते म्हणाले. हा मान होता. घरचा कर्ता पुरुष तू, असं सांगण्याची ती पद्धत होती. माय पदरानं डोळे पुसत होती. परीक्षा आणि मेढ यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिथं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मळणी आठवड्यात उरकते, परीक्षा त्यानंतर, एवढाच सगळ्यांचा हिशेब.

मग गारा पडल्या. भर फाल्गुनात, दुपारी, बोराएवढ्या. पेंढ्या भिजल्या, खळ्याची माती उकलली. पेंढ्या वाळवल्या, खळं पुन्हा सारवलं, पुन्हा बैलांची पात धरली. मळणी उशिरा का होईना, झाली. आता फक्त उपणणी राहिली होती. उपणायला वारा लागतो. उंच तिपाईवर उभं राहून टोपलं कलतं करायचं, वारा भुसा पलीकडे नेतो आणि दाणा सरळ खाली पडतो. वारा नसला तर दाणा आणि भुसा दोन्ही पायाशी पडतात आणि केलेलं काम पुन्हा होतं तसं होतं.

आणि वारा पडला. झाडाचं पान हलत नव्हतं. चुलीचा धूर सरळ वर जात होता. माणसं बोट ओलं करून हवेत धरत आणि खाली घेत. मळलेल्या गव्हाचा ढीग खळ्यावर तसाच पडून होता, आणि परीक्षा परवावर आली.

"ब्रिंग राउंड म्हंजे मन वळवनं," दादा मला म्हणाला. "आज मोठेबाबावर करून पाह्यतो."

त्यानं करून पाहिलं. मी मागं माठ भरत होते.

"मोठेबाबा, परवा इंग्रजीचा पेपर हाय. पहाटे जातो, दिवस बुडायच्या आत येतो. तवरक तुमी बसा राशीपाशी."

"तुह्या हातची मेढ हाय. मी बसून काय होते?"

"एका दिवसानं काय होते?"

मोठेबाबांनी पागोट्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुह्या बापानंबी हेच म्हटलं होतं. एका दिवसानं काय होते. लग्नाले गेला मानोऱ्याले, रास खळ्यावर टाकून. त्या साली पावसाया त्यानं पुरा पाह्यला का?"

बाबा हिवतापानं गेले होते. त्या पावसाळ्यात गावात घरटी एक माणूस हिवतापानं फणफणत होता, आणि ज्यांनी कधी मेढीला हात लावला नव्हता तेही गेले. हे दादाला माहीत होतं. त्यानं शाळेत डासाचं चित्र काढलं होतं, पाण्यातल्या अळीपासून. तो ते बोलला नाही. तो बोलला असता तरी काही झालं नसतं, असं मला सांगतात. मला ते मान्य नाही. बोलणं बोलून व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंग्रजीचे मास्तर सायकलवरून आले. कुणाकडून तरी निरोप पोचला होता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, धोतराचा सोगा साखळीत अडकून काळा झालेला. मोठेबाबांनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला, स्वतः घोंगडी अंथरली.

"अहो, हा मुलगा पहिल्या वर्गात येईल," मास्तर म्हणाले.

"येईन न. हुशारच हाय."

"मग त्याला पाठवा."

"मास्तर, तुमच्या पेपराची तारीख सरकारनं ठरवली. ते तुमाले मोडता येते का?"

"नाही."

"मंग आमची तारीख आमाले कशी मोडता येईन? तुमी तुमच्या वरच्याले भेता, आमी आमच्या."

मास्तर हसले. हा हजरजबाबीपणा त्यांना आवडला असावा. शहरातल्या माणसाला खेड्यातला माणूस असं काही नेमकं बोलला की कौतुक वाटतं. त्या कौतुकात ते येण्याचं कारण थोडंसं विसरले. "पुढल्या वर्षी बसेल," ते शेवटी म्हणाले, दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि ऊन कलायच्या आत निघाले. इतक्या लांब सायकल हाणत आलेला माणूस गुळाच्या एका खड्यावर परत गेला. त्यांच्यावरचा माझा राग कमी झालेला नाही. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले तेव्हा तो वाढला.

पेपराच्या दिवशी पहाटे मायनं दशम्या केल्या. आदल्या रात्रीच ठरलं होतं की जायचं नाही, तरी तिनं केल्या, फडक्यात बांधल्या, दादाचा धुतलेला सदरा दोरीवरून काढून ठेवला. दादानं आंघोळ केली, सदरा घातला आणि तो खळ्यावर गेला. ऊन वर आलं तेव्हा मायनं तेच फडकं खळ्यावर नेऊन सोडलं. "खाऊन घे बापा," ती म्हणाली. त्यानं खाल्लं. वारा नव्हता. करायला काही काम नव्हतं. तो धुतलेल्या सदऱ्यात राशीपाशी बसला होता आणि वाशीमच्या शाळेत त्याचा बाक रिकामा होता. एक शहाणा, निरोगी, तयारी झालेला मुलगा काही न करता बसून राहावा म्हणून सगळं घर राबत होतं. मी त्याच्याकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

वारा त्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाकीचे पेपरही गेले.

पुढच्या वर्षी का बसला नाही, असं ज्यांना वाटेल त्यांना सांगते. एकदा ज्याच्या हातची मेढ, ती जन्मभर त्याच्याच हातची. हात बदलायला तो हात थकावा लागतो. आणि मळणी दर साली त्याच महिन्यात, परीक्षाही त्याच महिन्यात. त्यानंतर दादानं मॅट्रिकचं नाव काढलं नाही. त्यानं माझं नाव काढलं. शाळा उघडली तशी एका सकाळी त्यानं गाडी जुंपली, मला आणि माझ्या पेटीला वाशीमच्या मुलींच्या शाळेत नेऊन सोडलं, आणि गावात ज्यांनी नाकं मुरडली त्यांना उत्तर दिलं, "तिच्या हातची मेढ नाही."

इंग्रजीत गो राउंड म्हणजे सगळ्यांना पुरणं. ताटात भाकरी आहेत तेवढ्या सगळ्यांना पुरतील का, असं विचारायला हेच शब्द वापरतात. आमच्या घरात शिकणं सगळ्यांना पुरलं नाही. ते पुरण्यासारखं होतं, कुणी कमी पडू दिलं नसतं तर. मी हा शब्द वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. फळ्यावर पाच वाक्यं लिहायची, प्रत्येकाखाली शब्दाची जात लिहायची. मुलं उतरवून घेत. एका शब्दाला पाच कामं करू देणारी भाषा मी शिकवत होते, आणि माझ्या भावाला एकच काम दिलं गेलं होतं, ते म्हणजे जागेवर राहण्याचं.

पण मला खरा संताप आला तो बराच नंतर. मी नोकरीत स्थिरावले होते, दादाची मुलं मोठी होत होती. एका मार्चात मी गावी गेले तर खळ्याच्या जागी ट्रॅक्टर उभा, त्याला जोडलेलं मळणी यंत्र धडधडतंय, एका बाजूनं पेंढ्या आत जातायत आणि दुसऱ्या बाजूनं दाणा पोत्यात पडतोय. वारा लागत नव्हता. बैल लागत नव्हते. मोठेबाबा तेव्हा हयात होते, खाटेवर बसून कौतुकानं पाहत होते.

"मोठेबाबा, मेढ?" मी विचारलं.

"मशिनीत कुठं रोवतं मेढ," ते म्हणाले आणि बोळक्या तोंडानं हसले. "दुपारपर्यंत मोकये होतो पाह्य बाई आता."

बस. एवढंच. ज्या रीतीसाठी त्यांनी एका मुलाला शिवेच्या आत बांधून ठेवलं, ती रीत त्यांनी भाड्याच्या यंत्राला एका सकाळीत देऊन टाकली. कुणी पूजा केली नाही, कुणी क्षमा मागितली नाही. लक्ष्मी रुसली नाही, कुणाला ताप आला नाही. त्या रीतीत तेवढं बळ कधीच नव्हतं. तिला बळ होतं ते फक्त दादासाठी. मी दादाकडे पाहिलं. तो पोत्याचं तोंड शिवत होता.

"तुला काहीच वाटत नाही?" मी विचारलं.

"काय वाटाचं? लवकर होते न काम."

मी जेवले नाही, मिळेल त्या गाडीनं वाशीमला परतले. तो अडवायला फाट्यापर्यंत आला होता.  त्याच्यावरच मला सगळ्यांत जास्त राग आला होता, आणि तो तर माझी पिशवी धरून उभा होता.

आता तो गेला. दहाव्याला गावी माणसं जमली. अंगणात सतरंज्या, कडेला बायका, भिंतीपाशी भावकीतले म्हातारे. मोठेबाबा केव्हाच वारले. त्यांचे चुलतभाऊ बापूजी त्या पिढीतले शेवटचे. ते बोलायला लागले. किसनासारखा माणूस होणे नाही. घरासाठी त्यानं शिक्षणाचा त्याग केला. बहिणीला शिकवलं, स्वतः मातीत राहिला. कधी तोंडातून शब्द काढला नाही. माना हलत होत्या. त्याग हा शब्द ऐकला की आपल्याकडे माना आपोआप हलतात. घेणारा कोण होता, हे मग विचारावं लागत नाही. मी बायकांत बसले होते, भावाच्या नावानं डोकं झाकून. 

तेवढ्यात दादाचा थोरला मुलगा विलास माझ्या बाजूला येऊन टेकला. तो स्वतः मॅट्रिकला दोनदा नापास झाला आणि मग त्यानं शाळेकडे पाहिलं नाही. आता त्याच्या कानाशी केस पांढरे आहेत.

"आत्या," तो हळू म्हणाला, "हे बापूजी कायचा त्याग सांगून राह्यले? बाबा त नापास झाले होते न?"

"कोण म्हणालं?"

"बाबाच म्हणे. मी नापास झालो तवा मले म्हणे, मीबी इंग्रजीत नापास होतो, आपल्या घरात नाही ते डोकं. जाऊ दे, वावरात चाल."

 म्हणजे त्यानं हेही केलं होतं. स्वतःच्या मुलांना त्यानं सांगितलं की मी नापास झालो. मोठेबाबांचं नाव घरात उजळ राहावं, खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे पोरांनी वाकड्या नजरेनं पाहू नये, म्हणून. आणि ते ऐकून त्याच्या मुलानं मान्य केलं होतं की आपल्या घरात ते डोकं नाही. एका पेपराला न बसलेला माणूस आपल्या पोराच्या मनात सबंध जन्म त्या पेपरात नापास होत राहिला.

मी उठले. बायकांमधून उठून मधे जायचं नसतं, मी गेले.

"बापूजी, त्यानं त्याग केला नाही," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातला निघाला, मलाच नवल वाटलं. "त्याची तयारी पूर्ण होती. त्याला पेपराला जाऊ दिलं नाही. मेढ त्याच्या हातची होती म्हणून शीव ओलांडू दिली नाही. तो राशीपाशी बसून राहिला आणि वारासुद्धा नव्हता."

"बाई, मेल्यामागं काहून उकरता?" बापूजी म्हणाले. "त्या वक्ताची गोष्ट वेगळी होती. सगळ्याइले भेव होतं."

"भेव होतं ना? मग भेव म्हणा. त्याग म्हणू नका."

 चुलीवर पाणी उकळत होतं त्याचा आवाज येत होता. मायच्या वयाची एक म्हातारी पदर तोंडावर धरून बसली होती.

"कोनं अडवलं, आत्या?" विलासनं बसल्या जागेवरून विचारलं.

त्या अंगणात ते नाव त्या कारणासाठी कधी घेतलं गेलं नव्हतं. मी मोठेबाबांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आणि ते दादावर जीव टाकत असत, हेही सांगितलं, कारण तेही खरं होतं. त्यानं काही हलकं होत नाही.

विलास माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलले, पोरं रस्त्यानं पुटपुटत जातात तसे.

"म्हंजे बाबा नापास नव्हते," तो म्हणाला.

मग तो उभा राहिला आणि भिंतीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांकडे तोंड करून त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.